बायांच्या मठातले तीन ठोके

मित्रांनो, माझं वय विचारू नका, वजन विचारा. पुरे दहा किलो! मी आगगाडीच्या रुळाचा दीड हात लांबीचा तुकडा आहे, आणि जुना म्हणाल तर इतका, की मला ओतणाऱ्यांची नातवंडंही आता म्हातारी झाली असतील. हिंगणी गावाबाहेर, बोर धरणाकडे जाणाऱ्या वाटेला लागून एक छोटा मठ आहे. त्याच्या अंगणातल्या चिंचेला मी साखळीनं टांगलेला असतो. मठात फक्त बायका राहतात. घरदार सोडून देवाचं नाव घेणाऱ्या, भिक्षेच्या भाकरीवर जगणाऱ्या साध्वी. गाव त्याला बायांचा मठ म्हणतं आणि मला म्हणतं टोल. थोडा तोरा आहे माझ्यात, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. पण लोखंडाला तेवढा शोभतो.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका भट्टीत झाला म्हणतात. मला मात्र आठवतो तो पुलगावहून आर्वीला जाणाऱ्या छोट्या गाडीचा मार्ग. कापसाच्या गाठी, बाजाराला निघालेल्या बाया, कोंबड्यांच्या डालग्या, सगळं माझ्या पाठीवरून गेलं. गाडी इतकी सावकाश चालायची की माणसं खाली उतरून बोरं तोडत आणि पुढचा डबा गाठत, असं प्रवासीच हसून सांगायचे. मला त्याचा राग यायचा. पुढे माझं डोकं झिजलं, तेव्हा मला उपटून बाजूला टाकलं, कापून तुकडे केले आणि आम्ही भावंडं भंगारात जाऊन पडलो. अंगावर गंज चढत होता, वर पावसाळे येत-जात होते. मी असं कुणाचं काय घोडं मारलं होतं, असं तेव्हा रोज वाटायचं.

त्या ढिगातून मला उचललं हिंगणीच्या बंडूजी लोहारांनी. त्यांना ऐरण करायला असाच तुकडा हवा होता. बैलगाडीत घालून त्यांनी मला गावात आणलं आणि मी मनात म्हटलं, चला, आता निदान घणाखाली तरी दिवस जातील. पण नेमकं त्याच आठवड्यात मठात चोरी झाली. मठात चोरण्यासारखं होतं तरी काय? एक काशाची थाळी होती. ती रोज सकाळी वाजवायची पद्धत होती, आणि चोरानं तीच नेली.

बंडूजींच्या बायकोला बाळंतपणानंतर ताप भरला होता, तेव्हा मठातल्या दोघी साध्वी एकवीस दिवस तिच्या उशाशी बसल्या होत्या. बंडूजी ते विसरले नव्हते. त्यांनी माझ्या एका टोकाला भोक पाडलं. फार कळवळलो मी. मग साखळी ओवून त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि मठात नेऊन ठेवलं.

"घ्या मोठ्या बाई," ते मठाच्या प्रमुख साध्वींना म्हणाले. "हे कोणी नेत नाई. अन् नेलंच तं अर्ध्या वाटेत टाकून पळून जाईन."

"अन् तुमची ऐरण?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"दुसरी भेटन जी. तोवर चालवतो काईतरी."

मित्रांनो, ऐरण व्हायचं सोडून मी टोल झालो तो असा. त्या माणसाचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही. ऐरण झालो असतो तर जन्मभर मारच खात बसलो असतो. इथंही ठोके खाल्ले, पण दिवसाला फक्त तीन.

ते तीन ठोके काय होते, ते सांगतो. सूर्य उगवला की पाळी असलेली साध्वी लोखंडी कांब घेऊन यायची आणि मला तीन वेळा ठोकायची. ठण्, ठण्, ठण्. त्याचा अर्थ, रात्र नीट गेली. शेतावर निघालेली माणसं ते ऐकायची आणि आपल्या वाटेनं जायची. ज्या दिवशी टोल ऐकू येणार नाही, त्या दिवशी ज्याच्या लक्षात येईल त्यानं हातचं काम टाकून मठाकडे यायचं, असं गावाचं आणि मठाचं ठरलेलं होतं.

नव्यानं आलेल्या एका साध्वीनं मोठ्या बाईंना विचारलं होतं, "संकट आल्यावर वाजवावं नं बाई. सगळं बरं असताना रोज कायले वाजवायचं?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "संकटात सापडलेल्याचे हात मोकळे राह्यतात का, पोरी? तोंड दाबल्यावर कोण ओरडन? म्हणून बरं असलं की सांगायचं. नाई सांगितलं की गावानं समजून घ्यायचं."

मी रुळातला माणूस, मला यातलं काय कळणार! पण हे मला कळलं, आणि असं वाटलं की इतकं शहाणपण एवढ्याशा मठात राहतं कसं.

तुम्हाला वाटेल की पूर्वी बायकांचे मठ उंच भिंतींनी आणि मोठ्या कुलपांनी सांभाळले जात असतील. आमच्याकडे बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, तेही शेळ्यांसाठी. मठ सांभाळला तो नियमांनी. कुणी एकटीनं बाहेर जायचं नाही, भिक्षेला दोघींनीच जायचं आणि रोज ठरलेल्या वाटेनंच जायचं, म्हणजे उशीर झाला तर कुठं शोधायचं ते गावाला माहीत. मठात एक रात्रही कुणी एकटीनं राहायचं नाही. दागिना नाही, साठवण नाही. भिक्षेत जास्त धान्य आलं तर ते गावातल्या अडलेल्या घरी पोचायचं. दारावर आलेल्याला जेवण नाही म्हणायचं नाही, पण पुरुषाला मुक्काम द्यायचा नाही. एकदा कारंज्याकडून आलेले तीन-चार परके लोक मठाच्या दारात अडून बसले होते, आजची रात्र इथंच काढतो म्हणाले. मोठ्या बाईंनी त्यांना पोटभर झुणका-भाकर वाढली आणि म्हटलं, "मुक्काम पाटलाच्या ओसरीत. तुमी येऊन राह्यले, हे आमी आधीच कळवलं त्याईले." ते लोक जेवले आणि पाटलाकडे न जाता तडक धरणाच्या रस्त्याला लागले. जेवण मात्र त्यांनी अगदी चाटूनपुसून खाल्लं होतं.

आणि गाव तरी मठाला का जपायचं? नुसत्या भक्तीनं नाही, हे मी चिंचेवरून पाहिलं आहे. गावातल्या कितीतरी मुली माझ्याखाली बसून धुळीत बोटानं अक्षरं गिरवायला शिकल्या. घरात भांडण झालं की एखादी सून पोर काखेला मारून मठात यायची, दोन दिवस राहायची. साध्वी तिला घरी पोचवायला जायच्या तेव्हा सासरच्यांशी चार शब्द बोलून यायच्या. बाळंतीण असो, तापानं फणफणलेलं पोर असो, अंथरुणाला खिळलेली म्हातारी असो, मठातल्या दोघी तिथं हजर. ज्या घरात त्या कधी गेल्या नाहीत, असं घर हिंगणीत नव्हतं. मग टोल ऐकायला कान असणारच की.

आता एक गंमत सांगतो. बावन्न-त्रेपन्न वर्षं झाली त्याला. आमच्या मठात वर्षातून एक दिवस मौन असतं. सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. टोल मात्र तेव्हाही व्हायचा. त्या वर्षी टोलाची पाळी आली लीलाबाईंवर. लीलाबाई नव्या होत्या आणि नियमाला फार पक्क्या. पहाटे त्या कांब हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि विचारात पडल्या. टोल म्हणजे रात्र नीट गेली असं सांगणं. सांगणं म्हणजे बोलणं. आज तर मौन! त्यांनी कांब अलगद खाली ठेवली, मला हात जोडले आणि ध्यानाला जाऊन बसल्या.

अर्ध्या तासात अख्खं गाव अंगणात. कुणाच्या हातात कुऱ्हाड, कुणाच्या हातात विळा. एक बाई तर चुलीतलं जळतं लाकूड घेऊन आली होती. सगळ्यांच्या पुढे होता वीस वर्षांचा चंद्रभान. एका पायात वहाण होती, दुसरी वाटेत कुठंतरी पडली होती.

"काय झालं, बाई? कोण आलतं?" तो ओरडला.

साध्वी गप्प. एकमेकींकडे बघतात, पण बोलत कुणीच नाही. मोठ्या बाईंनी हातानं खूण केली की बसा. लोकांना वाटलं, वाचाच बसली बाईंची!

"सांगा न जी! कोण होता? कोणीकडं गेला?"

मोठ्या बाईंनी आभाळाकडे बोट दाखवलं. देवासाठी मौन आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. चार जण चिंचेवर चढायला धावले. माझी साखळी इतकी हलली की मी आपोआप वाजणार होतो!

शेवटी पंचवीस वर्षांच्या आनंदाबाई पुढे झाल्या. त्यांनी एकदा मोठ्या बाईंकडे पाहिलं आणि मौन मोडलं. "काई नाई झालं, दादा. सगळ्या बऱ्या आहोत. आज आमचं मौन हाय. टोल द्यायचा राहून गेला."

त्या जळत्या लाकडाच्या बाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि सगळं अंगण हसायला लागलं. लीलाबाई रडत होत्या, पण मौनात, म्हणजे आवाज न करता. त्या दिवशी साध्वींनी सगळ्या गावाला गुळाचा चहा पाजला. एक अक्षर न बोलता!

मौन मोडल्याबद्दल आनंदाबाईंनी तीन दिवस उपास केला. पण गावासमोर हात जोडून त्या जे म्हणाल्या, ते माझ्या पोलादात कोरलं गेलं आहे. "तुमची धावपळ झाली, ते आमचं चुकलं. याच्यापुढं मौनातही टोल चुकणार नाई. अन् आमी उगाच कधी वाजवणार नाई अन् उगाच कधी चूपही राह्यणार नाई." 

तेव्हापासून मी एकदाही खोटं बोललो नाही. किती वस्तूंना असं म्हणता येईल?

वर्षं गेली. मोठ्या बाई गेल्या, लीलाबाई गेल्या, बंडूजी गेले. कधीकाळी चौदा साध्वी होत्या, त्या नऊ झाल्या, मग पाच झाल्या. आता तिघी आहेत. आनंदाबाई मठाच्या प्रमुख, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान कौशल्याबाई. आणि तीस वर्षांची मयुरी, आमची सगळ्यात धाकटी साध्वी. गावही बदललं. शेतावर पायी जाणारे आता मोटरसायकलवर जातात. सकाळी कुणाच्या घरी टीव्ही, कुणाच्या कानात ते बोंडाएवढं यंत्र. मी वाजायचो, पण कुणी ऐकतंय की नाही ते कळत नव्हतं. ऐकलं म्हणून कुणी सांगायला थोडंच येतं? कुंपणापलीकडचा रस्ता वाहत राहायचा आणि मी आपला ठण् ठण् करत राहायचो.

याच काळात भैय्याजी वरचेवर येऊ लागले. वर्ध्यात त्यांचं कापडाचं दुकान आहे. मठाची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली, म्हणून मठाची काळजी ते आपलीच समजतात. माणूस फार चांगला. पण पेपरात काही भलतंसलतं वाचलं की ते तसेच गाडी काढून हिंगणीला येतात.

"आनंदाबाई, जमाना बदलला आता," ते म्हणायचे. "वर्ध्यात नालवाडीले माह्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. गेट हाय, चौकीदार हाय, कॅमेरे हायेत. या जंगलाच्या तोंडाशी तिघी जणी कायले राह्यता?"

"गाव हाय नं," आनंदाबाई म्हणायच्या.

"कोणतं गाव? तुमचा टोल कोणी ऐकते तरी का आता? एक काम करा. एक दिवस वाजवूच नका. पाहू कोण येते ते. कोणी आलं तं मी पुन्हा बोलणार नाई."

मित्रांनो, खरं सांगतो, माझंही मन तेव्हा हललं. मलाही जाणून घ्यायचं होतं. पण आनंदाबाई म्हणाल्या, "नाई भैय्याजी. लोकाईले तपासून पाह्यले खोटं चूप राह्यणं, हे आमच्यानं होत नाई. गावाले शब्द देल्ला हाय मी."

"मंग संक्रांतीनंतर चला," भैय्याजी म्हणाले. आनंदाबाईंनी विचार केला. मयुरीच्या डोळ्यांत भीती असायची, ती त्यांना दिसत होती. त्या म्हणाल्या, "मी आता किती दिवसाची! इथं राह्यचं का जायचं, हे मयुरीनं ठरवावं. तिले राह्यचं हाय पुढं." मग एक दिवस मयुरी खाली मान घालून म्हणाली, "जाऊ मंग, बाई." संक्रांतीनंतर मठ बंद होणार, हे ठरलं. माझं काय होणार, ते कुणी बोललं नाही आणि मी विचारणार तरी कसा?

मार्गशीर्षातली गोष्ट. कौशल्याबाईंचा श्वास दाटला. त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं आणि मयुरी त्यांच्यासोबत गेली. निघताना ती म्हणाली, "बाई, शोभाबाईले सोबतीले बोलावून जातो." शोभाबाई म्हणजे त्या वहाण पडलेल्या चंद्रभानची बायको. दोघंही आता सत्तरीच्या घरात. मठाकडून गेलं की गावातलं पहिलं घर त्यांचंच.

"कायले?" आनंदाबाई म्हणाल्या. "दिवसभर कापूस वेचून थकून येते बिचारी. एका रातीचा तं सवाल हाय."

ज्यांनी मठाचा एकही नियम आयुष्यभर मोडला नव्हता, त्यांनी दुसऱ्याला त्रास नको म्हणून तो मोडला. मला हे आवडलं नाही. पण माझं मत कुणी विचारत नाही.

रात्र नीट गेली. सकाळी धुकं होतं. सूर्य वर आला तशा आनंदाबाई कांब घेऊन पायऱ्या उतरल्या. दवानं फरशी ओली झाली होती. त्यांचा पाय सरकला आणि त्या कुशीवर पडल्या. कांब हातातून सुटली, फरशीवर एकदा खणकली आणि गडगडत लांब गेली. तो आवाज अंगणाच्या बाहेरही गेला नसेल.

त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण कंबर उचलली जाईना. हाक मारून पाहिली, पण थंडीनं आणि दुखण्यानं आवाज फुटेना. माझ्यापासून त्या दहा पावलांवर होत्या. मग त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुले सोताहून वाजता येते का रे?"

मित्रांनो, ज्या वजनाचा मी एवढा तोरा मिरवतो, त्या वजनाची मला त्या सकाळी लाज वाटली. टिनाचा डबा असतो तर वाऱ्यानं तरी वाजलो असतो. मी नुसता लोंबकळत राहिलो. कुंपणापलीकडून एक मोटरसायकल गेली, मग दुसरी. वेचणीच्या बायांचा टेम्पो गाणी म्हणत गेला. ऊन मठाच्या भिंतीवर आलं, भिंतीवरून खाली उतरलं. कुणी आलं नाही. भैय्याजी खरं बोलत होते, असं मला वाटलं. माझं इतक्या वर्षांचं बोलणं हवेत गेलं.

त्याच वेळी गावात काय चाललं होतं, ते मला मागाहून कळलं. चंद्रभानला आता कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही. पण रोज सकाळी चहाचा कप हातात घेण्याआधी तो बायकोला विचारतो, "टोल झाला का वो?" आणि शोभाबाई चुलीपुढून मान डोलावते. त्या दिवशीही त्यानं विचारलं. तिनं मान डोलावली. चंद्रभाननं कप उचलला, पण प्यायला नाही.

"तू ऐकला का खरंच?"

"दररोज तं होते," ती त्याच्या कानाशी ओरडली.

"दररोज होते, मले मालूम हाय. आज झाला का?"

शोभाबाईचे हात पिठात थांबले. आठवायला गेली तर आठवेना. आजचाच नाही, कालचाही आठवेना. तिनं कुंपणावरून शेजारणीला विचारलं, "आज टोल ऐकला का तू?"

"मी नाई ऐकला. मले वाटलं तुमी ऐकला असन."

तिच्या पलीकडच्या घरालाही हेच वाटत होतं. सगळ्यांना वाटत होतं की दुसऱ्या कुणीतरी ऐकला असेल. शोभाबाई पिठाच्या हातांनीच धावत सुटली.

कुंपणाचं फाटक उघडलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पुढे शोभाबाई, मागून काठी टेकत चंद्रभान, मग शेजारीपाजारी. कुणीतरी मोटरसायकलवर डॉक्टरला आणायला गेलं. फोन गेला तशा टेम्पोतल्या वेचणीच्या बायाही परत आल्या. शोभाबाईनं आनंदाबाईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

"माय, मी खोटं बोलून राह्यली होती. किती दिवसापासून न ऐकताच हाओ म्हणत होती मी."

आनंदाबाईंनी तिच्या पिठाळलेल्या हातावर आपला हात ठेवला. "आली नं तू? मंग झालं."

त्यांना खाटेवर घालून नेलं. कमरेचं हाड मोडलं होतं. दुपारी भैय्याजी आले. ते घाबरलेही होते आणि चिडलेही होते. "सव्वा तास! सव्वा तास फरशीवर पडून होत्या त्या! हेच मी सांगून राह्यलो होतो." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अंगणात जमलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. चंद्रभान सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होता. शोभाबाईनं त्याला कानात ओरडून सांगितलं. तो काठी टेकत घरी गेला.

आता संक्रांतीची वाट बघायची नाही, असं भैय्याजींनी ठरवलं. तिघीही दवाखान्यात होत्या तोवर मठ रिकामा होता आणि मी मुका. कौशल्याबाई बऱ्या होऊन परत आल्या आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी, भल्या सकाळी, मठाच्या दारात टेम्पो उभा राहिला. सामान होतंच किती! चार गाठोडी, पोथ्यांची पेटी आणि थोडी भांडी. ते सगळं ओसरीवर आणून ठेवलं होतं. सूर्य वर आला. मयुरीनं कांब हातात घेतली. डोळे पुसले. शेवटचा टोल आहे हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

ठण्. ठण्. ठण्.

आवाज गेला, विरला. मयुरीनं कांब खाली ठेवली. आणि तेवढ्यात, मित्रांनो, गावाकडून आवाज आला.

ठण्! ठण्! ठण्!

मी थरारलो. आवाज जाडाभरडा होता, पण होता माझ्याच जातीचा, लोखंडाचा. भैय्याजी टेम्पोजवळून दोन पावलं पुढे आले. "हे काय होय?" मयुरीलाही माहीत नव्हतं. सगळे फाटकाकडे बघत राहिले. थोड्या वेळानं शोभाबाई धापा टाकत आली. आल्या आल्या तिनं विचारलं, "आलं का ऐकू तुमाले?"

मग तिनं सांगितलं. चंद्रभाननं जुन्या नांगराचा फाळ शोधून ओसरीच्या आढ्याला टांगला होता. टोल झाला की शोभाबाईनं कान देऊन ऐकायचं, तीन मोजायचे आणि त्याच्या खांद्याला हात लावायचा. मग त्यानं फाळ ठोकायचा. "त्याईले काई ऐकू येत नाई, म्हणून जोरानं मारतात," ती म्हणाली. "पण आता मले खोटं हाओ म्हणताच येत नाई नं, माय. मी ऐकलं तरच थो फाळ वाजन. अन् वाजला नाई तं तुमाले कळन का गाव झोपलं हाय. मंग तुमी या आमाले पाह्यले!"

भैय्याजी फाटकापाशी जाऊन गावाकडे कान देत मयुरीला म्हणाले, "अजून एक डाव वाजव पाहू. ऐकू दे मले नीट."

"नाई भैय्याजी," मयुरी म्हणाली. "उगाच वाजवत नाई आमी." आणि लगेच, पहिल्यांदाच मान वर करून, ती म्हणाली, "आमी इथंच राह्यतो. टेम्पो परत पाठवा."

कौशल्याबाईंनी एक गाठोडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

"मंग पायऱ्यांले कठडा तं लावू द्याल?" भैय्याजींनी विचारलं.

कठडा लागला. फरशीही खडबडीत करून घेतली. फाल्गुनात आनंदाबाई दवाखान्यातून चाकांचा वॉकर ढकलत परत आल्या. आता माझ्यासमोर खुर्ची ठेवतात, त्या तिच्यावर बसून मला ठोकतात. ठोके थोडे हलके पडतात, पण शोभाबाईला ते बरोबर ऐकू येतात.

मी कृतज्ञ आहे. ज्यांनी मला भंगारातून उचललं, ज्यांनी मला खोटं बोलायला लावलं नाही, जे एका चपलेनिशी धावत आले आणि जी पिठाच्या हातांनी धावत आली, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. बायांचा मठ मी राखला, असा माझा कित्येक वर्षं समज होता. तो मी राखला नाही. मी फक्त वाजलो. मठ राखला तो ऐकणाऱ्यांनी.

म्हणून एवढंच मागतो, मित्रांनो. तुमच्या आळीतही कुणीतरी एकटं, म्हातारं माणूस असेल. रोज सकाळी त्याच्या घराची कडी वाजत असेल, नळ सुटत असेल, देवापुढची घंटी किणकिणत असेल. ज्या दिवशी तो आवाज येणार नाही, त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी बघितलं असेल असं म्हणू नका. हातातला चहा ठेवा आणि जाऊन या. आणि ज्या दिवशी आवाज येईल, त्या दिवशीही नुसतं ऐकून गप्प बसू नका. ओ द्या. एवढी वर्षं मी रोज हाक मारत होतो, आणि ऐकू येतंय एवढं कळायला मला किती वाट बघावी लागली!